विमा कंपनीच्या ताळेबंदातली 'पॉलिसी लायबिलिटी' : हे कर्ज आहे का?

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. हा धागा अर्थकारणात टाकायचा की 'मदत हवी आहे'मध्ये, हे ठरत नव्हतं. शेवटी इथे टाकला.

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. एका आयुर्विमा कंपनीच्या ताळेबंदाचा फोटो, त्यातल्या एका ओळीला लाल गोल आणि खाली मजकूर : 'कंपनीवर एवढ्या लाख कोटींची देणी, स्वतःचं भांडवल त्याच्या एक टक्काही नाही, शहाणे असाल तर पैसे काढून घ्या.' कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या कंपनीवरच घसरेल.

माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. दोन रात्री नीट झोपले नाहीत. परवा सकाळी चहाच्या आधीच पॉलिस्यांची फाईल मांडीवर घेऊन बसले होते. "सरेंडर करून टाकू, निदान हातात येईल तेवढं येईल." त्यांच्या तीन पॉलिस्या आहेत, त्यातली मोठी २०२८ला मॅच्युअर होते.

मी शाळेत भूगोल शिकवते. ताळेबंदाशी संबंध बारावी कॉमर्सनंतर सुटला. तरी कंपनीच्या साइटवरून ताळेबंद उतरवला आणि पहिल्याच पानावर अडकले. आम्हाला शिकवलेलं की एका बाजूला देणी, दुसऱ्या बाजूला मालमत्ता. इथे 'सोर्सेस ऑफ फंड्स' आणि 'ॲप्लिकेशन ऑफ फंड्स', एकाखाली एक. त्यात 'पॉलिसी लायबिलिटीज' हा सगळ्यात मोठा आकडा. खालच्या 'करंट लायबिलिटीज'मध्ये पुन्हा वेगळी देणी.

हे कर्ज आहे का? कोणाचं? आणि आकडा मोठा असणं वाईट की चांगलं? बाबांना समजेल अशा भाषेत कोणी सांगेल का?

पावशेर | सोमवार, रात्री ९:५८

वाचतोय. मलाही हाच फॉरवर्ड आलाय.

खतावणी | सोमवार, रात्री १०:२५

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. बँकेत तुम्ही एफडी ठेवता, ती तुमची मालमत्ता आणि बँकेचं देणं. बँकेच्या ताळेबंदात ठेवी देण्यांच्याच बाजूला दिसतात. म्हणून 'बँक ठेवीदारांची कर्जबाजारी आहे' असं आपण म्हणतो का? विमा कंपनीचंही तसंच. पॉलिसी लायबिलिटी म्हणजे पॉलिसीधारकांना पुढे जे द्यायचंय त्याची आजची किंमत. ते देणं तुमच्या वडिलांनाच आहे. त्यांचं नाव त्या आकड्यात आहे म्हणा ना.

भांडवल एक टक्काही नाही, हे बहुधा खरं असेल, पण त्यात दचकण्यासारखं काय? सगळ्यांना माहीत असलेली कंपनी घेऊ. (फॉरवर्ड तिच्याबद्दल होता असं मी म्हणत नाही.) एलआयसीचं भरणा झालेलं भांडवल ६,३२५ कोटी. मार्च २०२४ अखेर ती सांभाळत असलेली मालमत्ता ५१ लाख कोटींच्या वर. १९५६ साली सुरुवात झाली तेव्हा सरकारने भांडवल घातलं होतं ५ कोटी. मधला सगळा डोंगर हप्त्यांचा आणि त्यावरच्या उत्पन्नाचा. आयुर्विमा हा धंदाच असा आहे, मालकाचा पैसा चिमूटभर आणि पॉलिसीधारकांचा पोतंभर.

आता मांडणी. विमा कंपन्यांचा ताळेबंद कंपनी कायद्याच्या नेहमीच्या नमुन्यात नसतो, इर्डाईचा (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) वेगळा नमुना आहे. वरच्या अर्ध्यात पैसा कोणाचा ते, खालच्या अर्ध्यात तो कुठे गुंतवलाय ते. वर भागधारकांचा निधी आणि त्याखाली पॉलिसीधारकांचा निधी. पॉलिसी लायबिलिटीज याच्यात येते. युलिपवाल्यांची (बाजाराशी जोडलेल्या, युनिटं देणाऱ्या पॉलिस्या) देणी निराळी दाखवतात. तिथे भानगड कमी, कारण युनिटं गुणिले एनएव्ही (एका युनिटची किंमत) एवढंच देणं आणि तेवढीच मालमत्ता समोर ठेवलेली.

खालच्या करंट लायबिलिटीजमध्ये आलेले पण अजून न चुकवलेले क्लेम, आगाऊ आलेले हप्ते, एजंटांना द्यायचे पैसे, दावा न केलेल्या रकमा. ही 'आता द्यायची' देणी. वरची 'पुढे कधीतरी द्यायची'.

तिरकस | सोमवार, रात्री ११:०२

बँकेची उपमा अर्धवट आहे हो खतावणी. एफडीचा आकडा बँकेला पैशापर्यंत माहीत असतो. विमा कंपनीला कोण कधी मरणार हे माहीत आहे का? मग तो आकडा आला कुठून? कोणीतरी 'ठरवला'. आणि जो आकडा कोणीतरी ठरवतो, तो कोणाच्या तरी सोयीचा असतो.

खतावणी | सोमवार, रात्री ११:१०

मुद्दा बरोबर आहे. यापुढे माझी हद्द संपते. आकडेमोड कुठे आहेत? ते विमागणितातलेच (ॲक्च्युअरी) आहेत, ही देणी मोजणं हेच त्यांचं काम.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ७:१५

आलो. लोकल चुकवून लिहितोय, तेव्हा गोड मानून घ्या.

तिरकस यांना पहिल्याच फटक्यात खरी गोष्ट सापडली. हा आकडा मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. पण अंदाज म्हणजे हवेतला नाही. गोदाकाठताई, बाबांना कागद-पेन घेऊन बसवा आणि पुढचं त्यांच्याकडूनच करून घ्या.

हजार माणसं. तीन वर्षांची टर्म पॉलिसी. गेला तर घरच्यांना एक लाख, जगला तर काही नाही. पहिल्या वर्षी १० जण जातील, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३० असं धरा. (आकडे सोयीसाठी फुगवलेत, घाबरू नका.) व्याज आणि खर्च तूर्त विसरा.

एकूण ६० लाख द्यायचे. हप्ता भरायला पहिल्या वर्षी १,००० जण, दुसऱ्या वर्षी ९९०, तिसऱ्या वर्षी ९७०. एकूण २,९६० हप्ते. ६० लाखांना २,९६० ने भागलं की हप्ता येतो साधारण २,०२७ रुपये, तिन्ही वर्षं तोच.

पहिलं वर्ष : जमा २०.२७ लाख, क्लेम १० लाख, उरले १०.२७ लाख.

इथे थांबा. कंपनीच्या हातात १०.२७ लाख रुपये रोख आहेत. किराणा दुकान असतं तर मालक म्हणाला असता, नफा झाला, मुलीच्या लग्नाला लावू. पण पुढचा हिशोब बघा. पुढच्या दोन वर्षांत द्यायचे ५० लाख. पुढच्या दोन वर्षांत येणारे हप्ते १,९६०, म्हणजे ३९.७३ लाख. खड्डा १०.२७ लाखांचा. म्हणजे हातात उरलेली दमडी न् दमडी पुढच्या खड्ड्यासाठीच आहे. नफा शून्य. ते १०.२७ लाख म्हणजेच 'पॉलिसी लायबिलिटी', आमच्या बोलीत रिझर्व्ह.

दुसऱ्या वर्षाअखेर : १०.२७ अधिक २०.०७ वजा २०, उरले १०.३४ लाख. तिसऱ्या वर्षी ९७० हप्त्यांचे १९.६६ लाख आले की बरोबर ३० लाख होतात, ३० क्लेम दिले आणि डबा रिकामा.

आयुर्विम्याचा ताळेबंद म्हणजे हेच. हातात आलेल्या पैशातला किती अजून आपला नाही, ते सांगणारी ओळ. ती नसती तर प्रत्येक कंपनीने पहिल्या काही वर्षांत भरघोस लाभांश वाटला असता आणि तिसऱ्या वर्षी शटर ओढलं असतं.

गाडी आली. बाकी रात्री.

पावशेर | मंगळवार, सकाळी ९:३०

कॅल्क्युलेटर घेऊन केलं. जमलं! शेवटी शून्य येतो तेव्हा भारी वाटतं.

तिरकस | मंगळवार, सकाळी ११:४५

छान. आता तिसऱ्या वर्षी ३० ऐवजी ४० गेले तर?

खतावणी | मंगळवार, दुपारी १:२०

तर १० लाख कमी पडतील आणि ते भागधारकांच्या खिशातून जातील. ते चिमूटभर भांडवल त्यासाठीच असतं, अंदाज चुकला तर उशी म्हणून. सॉल्व्हन्सी रेशो म्हणतात तो हाच. अंदाजित देणी बाजूला काढून झाल्यावर, नियमाप्रमाणे जेवढी जादा मालमत्ता लागते तिच्या किमान दीडपट हवी. १५० टक्के. भांडवलाची देण्यांशी थेट तुलना करण्यापेक्षा हा आकडा बघा. कंपनीच्या साइटवर 'पब्लिक डिस्क्लोजर्स'मध्ये एल-३२ नावाचा तक्ता असतो, दर तिमाहीला.

हप्तेवाला | मंगळवार, दुपारी ३:०५

गोदाकाठताई, मी २८ वर्षं एजन्सी करतोय, सांगली जिल्ह्यात. गणित माझ्या डोक्यावरून जातं, पण बाबांना माझा निरोप द्या : सरेंडरचा फॉर्म हातात घेण्याआधी कोटेशन मागा. २०२८ला मॅच्युअर होणारी पॉलिसी आता मोडणं म्हणजे हुरड्याला आलेलं शेत विकणं.

पॉलिसी बोनसवाली आहे का ते पाहा. बोनसवाली असेल तर दर वर्षी जाहीर झालेला बोनस एकदा पॉलिसीला चिकटला की तो परत काढून घेता येत नाही. समजा विमा रकमेच्या दर हजाराला ४५ रुपये जाहीर झाला आणि बाबांची विमा रक्कम ५ लाख आहे, तर त्या वर्षाचे २२,५०० पक्के झाले. फक्त ते मिळणार मॅच्युरिटीला किंवा मृत्यूनंतर. सरेंडर केलं तर त्या बोनसची आजची कमी किंमतच हातात पडते.

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०:३०

हप्तेवाले दादांनी बोनसचं सांगितलं ते ताळेबंदाच्या बाजूने पूर्ण करतो. जाहीर बोनस पक्का झाला की तो रिझर्व्हमध्ये जातो, कारण आता तो देणंच आहे. एवढंच नाही, पुढे जो बोनस द्यावा लागेल अशी वाजवी अपेक्षा आहे, त्याचाही अंदाज आम्ही आजच धरतो. म्हणून बोनसवाल्या धंद्याचा रिझर्व्ह जाड दिसतो.

आता सकाळी सोडलेल्या दोन गोष्टी, व्याज आणि खर्च. खर्चाचं थोडक्यात : पॉलिसी चालवायला पुढची वीस वर्षं माणसं, संगणक, टपाल लागणार, तोही रिझर्व्हमध्ये धरतात. त्यामुळे पूर्ण सूत्र असं : पुढचे क्लेम, पुढचा बोनस आणि पुढचा खर्च यांची आजची किंमत, वजा पुढे येणाऱ्या हप्त्यांची आजची किंमत. याला ग्रॉस प्रीमियम पद्धत म्हणतात.

व्याजावर मात्र जरा वेळ काढायला हवा, कारण खरी आग तिथे असते.

२० वर्षांनी १ कोटी द्यायचेत. आज किती बाजूला ठेवावे? पैसा ७ टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर २५.८४ लाख. ६ टक्के धरलं तर ३१.१८ लाख. ५ टक्के धरलं तर ३७.६९ लाख. वचन तेच, माणूस तोच, फक्त आमच्या एक्सेल शीटमधल्या एका खान्यात ७ च्या जागी ६ टाकला आणि देणी पाचव्या हिश्शाने वाढली. हे मी पहिल्यांदा खऱ्या पॉलिस्यांवर करून पाहिलं तेव्हा सूत्र चुकलंय असं वाटून दोनदा तपासलं होतं.

तेव्हा तिरकस, तुमचा संशय नेमका इथे लावा. गृहीतक जितकं आशावादी, तितकी देणी लहान आणि नफा मोठा. म्हणूनच नियम उलट्या बाजूला झुकवलेले आहेत. आधी सगळ्यात संभवनीय अंदाज घ्यायचा आणि मग प्रत्येक गृहीतक मुद्दाम थोडं वाईट करायचं. मृत्युदर थोडा जास्त, व्याज थोडं कमी, खर्च थोडा जास्त. याला प्रतिकूलतेची तजवीज म्हणू. शिवाय एखाद्या पॉलिसीचा हिशोब ऋण आला (पुढचे हप्ते पुढच्या देण्यांपेक्षा जास्त भरले), तरी तिला मालमत्ता मानायचं नाही, शून्य धरायचं. आणि रिझर्व्ह सरेंडर रकमेपेक्षा कमी ठेवायचा नाही. उद्या सगळे तुमच्या बाबांसारखे रांगेत उभे राहिले तरी देता आलं पाहिजे.

मृत्युदरासाठी सध्याचा भारतीय तक्ता २०१२-१४ च्या अनुभवावर बेतलेला आहे, प्रत्येक कंपनी आपल्या अनुभवाप्रमाणे त्याच्या अमुक इतके टक्के धरते. कुठली गृहीतकं धरली ते एल-४२ तक्त्यात जाहीर करावं लागतं. तो तक्ता फार थोडे लोक उघडतात.

इतिहासवेडा | बुधवार, सकाळी ८:२०

अवांतर, पण अगदीच नाही. मृत्युदराचं गृहीतक किती राजकीय असू शकतं पाहा. एकोणिसाव्या शतकात इथल्या विलायती कंपन्या हिंदी माणसाला विमा दिलाच तर जादा हप्त्याने देत, कारण त्याचा जीव कमी भरवशाचा समजला जाई. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने हिंदी लोकांना नेहमीच्या दराने विमा द्यायला सुरुवात केली.

आणि पॉलिसीधारकांचा पैसा आपलाच समजणारे मालक इथे होऊन गेलेत. राष्ट्रीयीकरणामागे ते एक मोठं कारण होतं. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला, त्याच रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून तो देशाला सांगितला. आपल्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातला माणूस! देशी-विदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या धरून २४५ संस्था त्यात गोळा झाल्या आणि १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली.

तिरकस | बुधवार, सकाळी १०:१०

आकडेमोड, झोप उडवलीत. काल रात्री एका कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून बसलो. ऑडिटरच्या अहवालात स्वच्छ लिहिलंय की देण्यांचं विमागणिती मूल्यांकन कंपनीच्या नियुक्त विमागणितीने प्रमाणित केलंय आणि आम्ही त्या प्रमाणपत्रावर विसंबलो आहोत. म्हणजे ताळेबंदातली सगळ्यात मोठी ओळ ऑडिटरने स्वतः मोजलेलीच नाही! आणि तो विमागणिती पगार कोणाचा घेतो? कंपनीचाच ना?

आकडेमोड | बुधवार, दुपारी १२:४०

घेतो. मी त्याच्या हाताखालचा, म्हणजे मीही घेतो.

ते वाक्य सगळ्याच कंपन्यांच्या ऑडिट अहवालात असतं, रिवाज तोच आहे. ऑडिटर आमच्याकडून डेटा, पॉलिस्यांची संख्या, हिशोबाचा ताळा तपासून घेतो, पण अंदाजाची जबाबदारी विमागणितीची. त्याची नेमणूक इर्डाईच्या संमतीशिवाय होत नाही आणि त्याला सरळ इर्डाईला कळवायचा हक्क आहे, कर्तव्यही आहे. मूल्यांकन दुसऱ्या विमागणितीकडूनही तपासून घेतात. कायद्याने तर भागधारकांना लाभांशसुद्धा मूल्यांकनात निघालेल्या शिलकीतूनच देता येतो.

एवढं असूनही दबाव येत नाही असं मी म्हणणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या मजल्यावर येऊन बघा. विक्रीवाल्यांना वाटतं आम्ही त्यांचा नफा खातो. एका अर्थी खातोच. कंपनी जेवढी जास्त नवी पॉलिसी विकते, तेवढा पहिल्या वर्षी तोटा दिसतो, कारण कमिशन आणि खर्च आजच जातो आणि वर रिझर्व्ह बाजूला काढावा लागतो. महसुली खात्यात (म्हणजे कंपनीच्या जमाखर्चाच्या पत्रकात) ती ओळ 'देण्यांच्या मूल्यांकनातला बदल' म्हणून खर्चासारखी येते. पैसा कुठेही गेलेला नसतो, पण खर्च पडतो. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी ओळ ही.

बर्मिंगहॅमकर | बुधवार, संध्याकाळी ६:५०

इकडची, ब्रिटनमधली गोष्ट सांगतो, तिरकस यांच्या बाजूने. इक्विटेबल लाइफ. १७६२ सालची, म्हणजे पेशवाईत माधवराव गादीवर होते तेव्हाची संस्था. वैज्ञानिक पायावर आयुर्विमा प्रथम करणारी म्हणून तिचा मान. तिने १९८८ पर्यंत ज्या पेन्शन पॉलिस्या विकल्या त्यांत निवृत्तीच्या वेळी ठरावीक दराने पेन्शन मिळण्याची हमी होती. विकताना व्याजदर चढे होते, त्यामुळे हमी कधी वापरावी लागेल असं कोणाला वाटलं नाही. नव्वदीत व्याजदर उतरले, माणसं जास्त जगू लागली आणि ती हमी सोन्याची झाली.

संस्थेने मग शक्कल काढली : ज्यांना हमी हवी त्यांना शेवटचा बोनस कमी द्यायचा. प्रकरण कोर्टात गेलं. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं, असं करता येणार नाही. त्याच डिसेंबरात नवा धंदा बंद. सरकारला पुढे दीड अब्ज पौंडांची भरपाई जाहीर करावी लागली.

माझ्या पहिल्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याची पेन्शन त्यात होती. तो कँटीनमध्ये म्हणायचा, त्यांनी दिलेलं वचन खरं होतं, फक्त ते लिहून ठेवायला विसरले.

आकडेमोड | बुधवार, रात्री ९:४५

बर्मिंगहॅमकर, आमच्याकडे शिकाऊंना ही गोष्ट पहिल्या वर्षी सांगतात. जोडीला जपान : १९९७ ते २००१ मध्ये तिथल्या सात आयुर्विमा कंपन्या बुडाल्या. ऐंशीच्या दशकात भरघोस व्याजाची हमी देऊन बसलेल्या, पुढे बाजारात व्याज शून्याला टेकलं.

आपल्याकडे हमीची पॉलिसी विकणारी कंपनी म्हणून लांब मुदतीचे सरकारी रोखे शोधत असते. ३०, ४० वर्षांचे रोखे घेणाऱ्यांत विमा कंपन्या पुढे असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने पहिल्यांदा ५० वर्षांचा रोखा काढला, तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटायचे बाकी होते. तीस वर्षांचं वचन आणि दहा वर्षांचा रोखा अशी जोडी लावली तर अकराव्या वर्षापासून पैसा काय दराने गुंतेल हे देवाच्या हातात.

२००३ची वरिष्ठ पेन्शन विमा योजना कोणाला आठवते का? ९ टक्क्यांची हमी होती. चालवायला एलआयसी, पण कमी पडेल तो फरक केंद्र सरकार भरणार असं ठरलेलं. असल्या हमीचं ओझं कोणाच्या ताळेबंदात बसणार, ते आधीच ठरवून घेतलेलं होतं.

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०:२०

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. बाबांनी हजार माणसांचं गणित काल स्वतः केलं, जुन्या डायरीच्या मागच्या पानावर. केल्यावर दहा मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तो लाल गोल माझ्याच पैशाभोवती काढलाय."

एक शंका. 'फंड्स फॉर फ्युचर ॲप्रोप्रिएशन्स' नावाची ओळ आहे, पॉलिसी लायबिलिटीजच्या खाली. ती कोणाची?

खतावणी | बुधवार, रात्री १०:५५

कोणाचीच नाही, अजून तरी. बोनसवाल्या फंडात देणी वगळून जी शिल्लक उरते आणि जिचं 'एवढी पॉलिसीधारकांची, एवढी भागधारकांची' असं वाटप अजून झालेलं नाही, ती तिथे राहते. भाऊबंदकीतली सामाईक विहीर समजा.

वाटपाने किती फरक पडतो याचा नमुना एलआयसीतच आहे. पूर्वी एकच फंड आणि शिलकीतले ९५ टक्के पॉलिसीधारकांना, ५ टक्के सरकारला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बोनसवाला आणि बिनबोनसवाला असे दोन फंड झाले. बिनबोनसवाल्याची सगळी शिल्लक भागधारकांची आणि बोनसवाल्यात टप्प्याटप्प्याने ९०:१०. मार्च २०२१ ला कंपनीचं एम्बेडेड व्हॅल्यू (भागधारकांचं आजचं भांडवल आणि चालू पॉलिस्यांतून त्यांना पुढे मिळणाऱ्या नफ्याची आजची किंमत) होतं ९५,६०५ कोटी, सप्टेंबर २०२१ ला झालं ५,३९,६८६ कोटी. सहा महिन्यांत कुठली नवी खाण सापडली नव्हती. मुख्यतः त्याच शिलकीच्या वाटण्या बदलल्या. मे २०२२ मध्ये ९४९ रुपयांनी शेअर विकला तो या आकड्याच्या आधारावर.

तिरकस | गुरुवार, सकाळी ८:०५

म्हणजे 'देणी' आणि 'मालकाचं' यांच्यातली भिंत सरकवता येते. हेच तर मी सोमवारपासून म्हणतोय. हलकेच घ्या, पण नोंद करून ठेवा.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ८:४०

नोंद केली. सरकवता येते, पण ती कायदा बदलून, संसदेत, सगळ्यांसमोर सरकवली. गृहीतकाच्या खान्यात गुपचूप सरकवणं वेगळं. तुम्ही एल-४२ दोन वर्षांचे शेजारी ठेवून व्याजदराचा स्तंभ बघा. बाजारातलं व्याज उतरत असताना कोणी गृहीतक वर नेलं असेल तर तिथे प्रश्न विचारा.

विमा कंपन्यांच्या नव्या लेखापद्धतीत हे जास्त उघड दिसेल. भारतात तिचं मानक ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित झालंय. त्यात अजून न कमावलेला नफा वेगळ्या ओळीत दाखवावा लागतो आणि तो वर्षावर्षाला उलगडत जातो. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे घुसडलं तर गोदाकाठताईंचे बाबा पुन्हा झोपणार नाहीत.

हप्तेवाला | गुरुवार, दुपारी २:१५

आकडेमोड सर, एक साधा प्रश्न. माणूस मधेच सरेंडर करतो तेव्हा त्याच्या नावचा रिझर्व्ह कुठे जातो?

आकडेमोड | गुरुवार, रात्री ९:१०

त्याला सरेंडर रक्कम देतात आणि त्याचा रिझर्व्ह देण्यांतून काढून मोकळा करतात. रिझर्व्ह सहसा सरेंडर रकमेपेक्षा जास्त असतो, तो फरक फंडात उरतो. बोनसवाल्या पॉलिस्यांत त्याचा मोठा वाटा मागे राहिलेल्यांच्या पदरात पडतो. म्हणजे फॉरवर्ड वाचून पळालेला माणूस न पळालेल्यांना थोडी देणगीच देऊन जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे नियम पॉलिसीधारकाच्या बाजूने सुधारलेत, एका वर्षाच्या हप्त्यानंतरही काहीतरी हातात येतं. पण ते नव्या पॉलिस्यांसाठी, बाबांची पॉलिसी जुनी असणार.

गोदाकाठ | शनिवार, संध्याकाळी ५:३०

सरेंडर रद्द. फाईल परत कपाटात गेली. पण एक भलतंच झालं, म्हणून लिहितेय.

खतावणींनी पहिल्या दिवशी करंट लायबिलिटीजमध्ये 'दावा न केलेल्या रकमा' म्हणून लिहिलं होतं. बाबांनी ते वाचलं आणि विचारलं, आपलं काही त्यात नसेल ना? कंपनीच्या साइटवर शोधायची सोय आहे. पॉलिसी नंबर, जन्मतारीख, पॅन टाकलं. दोन पॉलिस्यांवर काही नाही. तिसरी मनी बॅक, म्हणजे मुदतीत मधेमधे पैसे देणारी. तिच्यावर असा एक २५,००० चा हप्ता (सर्व्हायव्हल बेनिफिट), सहा वर्षांपासून पडून. तेव्हा आम्ही पंचवटीतलं घर सोडून इकडे आलो होतो, पत्ता बदलून दिलाच नव्हता.

हप्तेवाला | शनिवार, संध्याकाळी ६:०२

ताई, सोमवारीच शाखेत जा. पॉलिसीची मूळ प्रत, आधार, रद्द केलेला चेक न्या आणि पत्ताबदलाचा अर्ज त्याच वेळी द्या, नाहीतर पुढचं पत्रही पंचवटीला जाईल. दहा वर्षांच्या आत आहात म्हणून बरं. दहा वर्षांनंतर ही रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथूनही २५ वर्षं मागता येते, पण हेलपाटे जास्त. त्या रकमेवर गुंतवणुकीचं उत्पन्न धरतात, तेही विचारून घ्या.

गोदाकाठ | सोमवार, दुपारी ४:४५

जाऊन आलो. अर्ज घेतला, पोच मिळाली. काउंटरवरच्या मुलीला बाबांनी विचारलं, "ही रक्कम तुमच्या ताळेबंदात वरच्या लायबिलिटीत आहे की खालच्या?" ती म्हणाली, "काका, मागे रांग आहे."

खालच्या. मी रिक्षात सांगितलं.